दुकानदारांच्या वतीने
(रजबअली जुमाभॉय, १८९८–१९९८)

मागच्या महिन्यात कार्यकारिणीची बैठक मरीन परेडला एका सभासदांच्या घरी झाली. कांदेपोहे झाले, हिशेब झाला, हॉलच्या भाड्यावरून नेहमीची कुरकूर झाली. मग मुलांच्या दुसऱ्या भाषेचा विषय निघाला. इथल्या शाळांत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या पाच भारतीय भाषा घेता येतात, मराठी घेता येत नाही. आपली मुले मुकाट्याने हिंदी घेतात. "मंडळाने सर्व मराठी लोकांच्या वतीने एक पत्र लिहावे," असे एकजण म्हणाले. त्यावर कोपऱ्यातून दुसऱ्यांनी शांतपणे विचारले, "सर्वांच्या म्हणजे नक्की कोणाच्या?"

चिटणिसांनी वही उघडून वर्गणी भरलेल्या कुटुंबांचा आकडा सांगितला. आकडा ऐकून सगळे गप्प झाले. शेवटी मसुदा करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. पीएच. डी. झालेल्या माणसाला कोणतेही पत्र लिहिता येते, असा आपल्याकडे एक प्रेमळ गैरसमज आहे.

पत्र अजून झालेले नाही. पण त्या निमित्ताने या शहरात आपल्या आधी कोणी कोणाच्या वतीने पत्रे लिहिली हे शोधायला लागलो आणि एका माणसापाशी अडकलो. त्याचे नाव रजबअली जुमाभॉय. तो मराठी नव्हे, कच्छी. धंद्याने व्यापारी, पण त्याच्या आयुष्याचा मोठा भाग व्यापाऱ्यांच्या संघटना चालवण्यात गेला. एका काळी तर हिंदी व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून सिंगापूरच्या कायदेमंडळात त्याला खुर्ची होती. (या लेखात 'हिंदी' म्हणजे हिंदुस्थानी लोक, भाषेचा उल्लेख आला तर तसे सांगेन.)

जुमाभॉय १८९८ साली कच्छमधील लखपत येथे जन्मले. आज लखपतला जावे तर कोट आहे, दर्गे आहेत, गुरुद्वारा आहे, आणि माणसे जवळजवळ नाहीत. एके काळी हे भरभराटीचे बंदर होते. येथून रोज लाख कोरी उत्पन्न येई म्हणून गावाला हे नाव पडले, असे तिकडचे लोक सांगतात. कोरी म्हणजे कच्छचे नाणे. १८१९ च्या जूनमध्ये मोठा भूकंप झाला, रणात जमिनीचा लांबलचक बांध वर आला आणि सिंधूच्या मुखाकडचे पाणी अडले. लोक त्याला अल्लाहबंद म्हणतात. पाणी गेले तसा गावाचा व्यापारही गेला. मागे राहिली ती फक्त व्यापार करण्याची सवय. पुढच्या पिढ्यांनी ती मुंबई, मस्कत, झांजिबार, रंगून, सिंगापूर अशी जिथे जमेल तिथे नेली. समुद्र हटला म्हणून ओस पडलेल्या गावातला हा मुलगा समुद्र हटवून जमीन करणाऱ्या शहरात येऊन राहिला, ही गंमत मरीन परेडच्या रहिवाशांना वेगळी समजावून सांगायला नको. ते इथे आले तेव्हा आपल्या ब्लॉकच्या जागी पाणी होते. पूर्व किनाऱ्यावर भराव घालायला सुरुवात झाली ती १९६६ मध्ये.

ते सिंगापूरला आले १९१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी. वेळ बरी नव्हती. पहिले महायुद्ध चालू होतेच, पण त्याहून जवळची गोष्ट म्हणजे १९१५ च्या फेब्रुवारीत येथे हिंदी पलटणीचे बंड झाले होते. बंड मोडल्यावर शिपायांना जाहीरपणे गोळ्या घालण्यात आल्या. त्याच प्रकरणात कासिम मन्सूर या सुरतेकडच्या वयस्क व्यापाऱ्यावर शत्रूशी पत्रव्यवहाराचा आरोप ठेवून त्याला फाशी दिले गेले. एवढ्यावर न थांबता सरकारने येथील सगळ्या हिंदी लोकांना पोलिसांकडे नाव नोंदवण्याचा हुकूम केला. त्यात दुकानदार, कारकून, वकील सगळेच आले. ज्यांनी कधी बंदूक पाहिलीही नव्हती, असे पेढीवरचे मुनीमसुद्धा रांगेत उभे राहिले.

व्यापाऱ्याची सगळी मिळकत विश्वासावर उभी असते. बँक त्याला हुंडीवर पैसे देते, गोदीवाला माल सोडतो, गिऱ्हाईक उधारी चुकवते, ते सगळे त्याच्या नावावर. ते नावच संशयित ठरले तर एकट्याने कोणाकडे दाद मागायची? १९२३ साली येथे इंडियन असोसिएशन उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, हिंदी व्यापाऱ्यांची स्वतंत्र संघटना निघाली. तिच्यामागे त्या नाव-नोंदणीच्या अपमानाची आठवण नसेलच असे मला वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क आहे. या संस्थांच्या उभारणीत तरुण जुमाभॉय होते आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे तेथेच राहिले. व्यापाऱ्यांची संघटना १९३५ साली इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स झाली. आज सिंगापूर इंडियन चेंबर म्हणून आपण जिला ओळखतो ती हीच. तिचे अध्यक्षपद त्यांनी एकाहून अधिक वेळा सांभाळले. ते म्युनिसिपल कमिशनरही होते. मुंबईकरांनी बिचकू नये, येथे त्या काळी कमिशनर म्हणजे साहेब नव्हे, आपला नगरसेवक.

चेंबर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गिरण्यांचे मालक येतात. येथे तसे नव्हते. त्या वेळचा हिंदी बाजार म्हणजे हाय स्ट्रीटवरची सिंधी कापडाची आणि रेशमाची दुकाने, अरब स्ट्रीटवरचे गुजराती आणि तमिळ मुसलमान कापडवाले, मार्केट स्ट्रीटवर जमिनीवर पेटी मांडून बसणारे चेट्टियार सावकार आणि सेरंगून रोडचे किराणा-भुसारवाले. मागे घाऊक आणि पुढे किरकोळ असे दोन्ही धंदे एकाच गाळ्यात चालत. वरच्या मजल्यावर नोकर राहायचे आणि तिथेच सर्वांचा स्वयंपाक व्हायचा. यांच्या भाषा निराळ्या, देव निराळे, वहीची लिपीसुद्धा निराळी. सिंध्याच्या वहीतला हिशेब चेट्टियाराला वाचता येत नसे. सरकारच्या लेखी मात्र सगळे एकच, 'इंडियन'. हे लेबल त्यांनी मागितले नव्हते, पण त्यावरच संघटना उभी करायची होती.

योगायोग असा की त्याच सुमारास, १९३४ साली, पुण्यात अ. रा. भट यांनी मराठा चेंबर ऑफ कॉमर्स सुरू केले. तेथेही नावाचा घोळ झालाच. 'मराठा' म्हणजे जात नव्हे, मराठी मुलूख, हे आजही नव्या माणसाला सांगावे लागते. मुंबईत इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ मध्येच निघाले होते, कारण आधीचे चेंबर गोऱ्या व्यापाऱ्यांचे होते. सिंगापुरातही तेच चित्र: गोऱ्यांचे एक चेंबर, चिन्यांचे एक, आणि हे तिसरे, सगळ्यांत धाकटे.

या धाकट्या चेंबरपुढे असलेले प्रश्न पाहिले की संघटनेच्या पुढाऱ्याचे काम कसले असते ते कळते. एकच उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या इतिहासाच्या अगदी उलट्या बाजूचे आहे.

१९३० च्या दशकातल्या मंदीत रबराचे भाव कोसळले. मळ्यांतला मजूर, गोदीतला हमाल यांच्या हातात पैसा उरला नाही. त्यांना परवडेल असे एकच कापड बाजारात होते, ते म्हणजे जपानी. लँकेशायरचे कापड टिकाऊ असेल, पण घ्यायला पैसे कोठून आणायचे? साहजिकच येथील हिंदी आणि चिनी दुकानदार जपानी माल विकू लागले. लँकेशायरच्या गिरण्यांनी लंडनमध्ये ओरड केली आणि १९३४ साली वसाहतींमध्ये परदेशी कापडाच्या आयातीवर कोटा बसला. 'परदेशी' म्हणजे जपानी. विलायती ते घरचेच! स्थानिक व्यापाऱ्यांचा याला विरोध होता. कोटा आला की परवाना आला, परवाना आला की तो वाटणारा कारकून आला, आणि मग गेल्या सालच्या विक्रीचा पुरावा, अर्ज, शिफारशी. मोठ्या पेढीला हे जमते. दोन गाळ्यांच्या दुकानदाराला इंग्रजीत अर्ज लिहिण्यापासूनच अडचण.

आता हे आठवा की जेमतेम चार वर्षांपूर्वी, १२ डिसेंबर १९३० रोजी, मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाने भरलेली लॉरी अडवताना बाबू गेनू चिरडला गेला होता. तेथे लढाई लँकेशायरविरुद्ध स्वदेशीची. येथेही लँकेशायरविरुद्धच, पण बदल्यात हवे होते ते जपानचे स्वस्त कापड, आणि भांडण देशासाठी नव्हे तर नफ्यासाठी. या व्यापाऱ्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. अरब स्ट्रीटवर खादी विकून कोणाचे पोट भरले नसते आणि हमालाच्या अंगावर कपडा आला तो त्यांच्याच दुकानातून. पण त्यांच्या पुढाऱ्याला जेव्हा 'हिंदी समाजाचा पुढारी' म्हणून सभेत पुढे बसवले जाई, तेव्हा त्याच्या मागे नक्की कोण उभे होते याचा हिशेब करावासा वाटतो. दुकानदाराचे हित आणि समाजाचे हित कधी एका रेषेत येते, कधी येत नाही, आणि रेषा कोठे फुटली हे पुढाऱ्याला बहुधा उशिरा कळते.

जपानी राजवटीच्या साडेतीन वर्षांबद्दल येथे फार लिहीत नाही. १९४३ मध्ये नेताजी येथे आले, आझाद हिंद सरकार स्थापन झाले, आणि श्रीमंत व्यापाऱ्यांकडून त्यांच्या मालमत्तेच्या प्रमाणात पैसा मागितला गेला. काहींनी भरभरून दिला, काहींना द्यावा लागला. १९४५ नंतर इंग्रज परत आले तेव्हा दुकाने रिकामी होती, जपानी नोटा रद्दी झाल्या होत्या आणि राहायला जागा नव्हत्या. १९४७ साली येथे भाडेनियंत्रणाचा कायदा आला. मुंबईचा भाडेकायदाही त्याच साली आला. गिरगाव-दादरच्या पागडीवाल्यांना त्याची चव वेगळी सांगायला नको. येथेही जुन्या इमारतींतला भाडेकरू दुकानदार त्या कायद्याच्या आडोशाने दशकानुदशके जागेवर टिकला. हा आडोसा थेट २००१ साली काढला गेला. जुन्या बाजाराचा चेहरा इतकी वर्षे का बदलला नाही आणि नंतर भराभर का बदलला, याच्या कारणांत हे एक मोठे कारण आहे.

आता त्या खुर्चीकडे येतो.

२० मार्च १९४८ रोजी सिंगापुरात पहिल्यांदा कायदेमंडळाची निवडणूक झाली. गव्हर्नरखेरीज सभासद बावीस. त्यांत नऊ सरकारी अधिकारी, चार गव्हर्नरने नेमलेले बिनसरकारी, सहा जनतेने निवडलेले, आणि तीन चेंबरांनी पाठवलेले: एक गोऱ्यांच्या चेंबरचा, एक चिनी चेंबरचा आणि एक हिंदी चेंबरचा. म्हणजे साऱ्या शहराला मिळून सहा आणि व्यापाऱ्यांच्या तीन संस्थांना तीन. चिनी चेंबरने टॅन चिन तुआन यांना पाठवले. हिंदी चेंबरचे सभासद झाले जुमाभॉय. १९५१ च्या निवडणुकीनंतरही त्या खुर्चीवर तेच होते.

आपल्याला ही व्यवस्था विचित्र वाटते, पण इंग्रजांची ती जुनीच रीत. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबईच्या कौन्सिलातही चेंबरांना, गिरणीमालकांना, एवढेच काय, बाँबे ट्रेड्स असोसिएशन या दुकानदारांच्या संघटनेलाही वेगळी जागा होती. व्यापार म्हणजे जणू एक वेगळा मतदारसंघ. सिंगापुरात तर हे आणखीच उठून दिसे. १९४७ च्या शिरगणतीत येथील एकूण वस्ती सुमारे ९ लाख ३८ हजार होती आणि त्यांत हिंदी सुमारे ६९ हजार. १९४८ ला मतदार म्हणून नावे नोंदवली ती अवघ्या २२ हजारांच्या आसपास लोकांनी. मत फक्त ब्रिटिश प्रजेला होते, चीनमध्ये जन्मलेल्यांना नव्हते. त्यामुळे नोंदलेल्या मतदारांत जवळजवळ निम्मे हिंदी निघाले! शहराच्या वस्तीत सात टक्के आणि मतदार यादीत निम्मे. वर चेंबरची खुर्ची निराळी.

म्हणून ते सहा-सात वर्षांचे कायदेमंडळ हिंदी लोकांच्या दृष्टीने ऐन भराचे, आणि त्याच वेळी सर्वांत पोकळ. गोदीत, म्युनिसिपालिटीच्या झाडूखात्यात आणि रस्त्यांवर काम करणाऱ्या तमिळ मजुराला त्या खुर्चीशी काही देणेघेणे नव्हते. तो आपल्या युनियनकडे जाई. दुकानातल्या नोकराचे काय? तो तर ज्याच्याकडे चाकरी करी तो मालकच चेंबरचा सभासद.

या नोकरांची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी. देशात बायकामुले ठेवून एकट्याने यायचे, दुकानाच्या वरच राहायचे, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत काम करायचे आणि काही वर्षांनी एकदा बोटीने घरी जाऊन यायचे. मद्रासहून येणारी 'राजुला' बोट १९२६ पासून जवळजवळ अर्धशतक अशा लोकांना नेत-आणत होती. मालक बहुधा गावचाच, नात्यातला. त्यामुळे पगार किती हे विचारायचे नाही आणि सुट्टी तर मागायचीच नाही. १९५३ मध्ये मलाया आणि सिंगापूरसाठी नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला आणि हिंदुस्थानातून वाटेल तेव्हा माणूस आणायची सोय बंद झाली. दुकानदारांना हा मोठाच धक्का होता. पिढ्यानपिढ्या धंदा चालला होता तो गावाकडून नवा पोरगा आणून, त्याला गल्ल्यामागे शिकवून, पुढे कधीतरी भागीदार करून घेण्यावर. नवा पोरगा आला नाही तर दुकानाला वारस उरत नव्हता. नव्या पोराच्या बाजूने पाहिले तरी दार बंद झाले. येथे मालक आणि नोकर यांचे हित खरोखर एक होते.

मग आला १९५७ चा दुकान-नोकरांचा कायदा. त्यात कामाचे तास बांधले, सुट्टी बांधली. आपल्याकडे १९४८ चा मुंबईचा दुकाने आणि आस्थापना कायदा 'गुमास्ता कायदा' म्हणूनच ओळखला जातो. हा त्याचाच सिंगापुरी भाऊ. येथे मात्र मालक आणि गुमास्ता यांच्या हिताच्या वाटा सरळ फुटल्या. दुकान लवकर बंद करायचे तर संध्याकाळचे गिऱ्हाईक जाते, आणि नाही करायचे तर वरच्या मजल्यावरचा पोरगा मरतो. दोघांच्या वतीने एकच पुढारी काय बोलणार? आमच्या प्रयोगशाळेत बफर नावाचे द्रावण असते. त्यात थोडे आम्ल टाका, थोडे अल्क टाका, ते आपला गुण फारसा बदलू देत नाही, पण त्याला मर्यादा असते. ती ओलांडली की पुढच्या चार थेंबांत सगळे उलटते. चेंबरच्या पुढाऱ्याचे आयुष्य मला तसे वाटते.

१९५७ पर्यंत चेंबरची ती खुर्चीही राहिली नव्हती. नव्या घटनेचा विचार करण्यासाठी रेंडेल कमिशन नेमले गेले आणि त्याच्या योजनेप्रमाणे २ एप्रिल १९५५ ला निवडणूक झाली, तेव्हा चेंबरांच्या जागा बरखास्त झाल्या. बत्तीस सभासदांपैकी पंचवीस जनतेने निवडायचे होते. मतदारांची नावे सरकारने आपोआप नोंदवली आणि यादी २२ हजारांवरून एकदम तीन लाखांवर गेली. या यादीत बहुसंख्य कोण असणार हे उघड होते. इतकी वर्षे बंद खोलीतल्या सभासदांनी निवडून दिलेले बहुतेक व्यापारी अशा वेळी घरी बसतात आणि बसले असते तर कोणी दोषही दिला नसता.

जुमाभॉय तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. ते कोणत्याही पक्षात न जाता अपक्ष उभे राहिले, आणि निवडून आले. या माणसाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो येथे. तमिळ, मलय, होक्कियन, कँटनीज बोलणाऱ्या, चेंबरचे नावही न ऐकलेल्या मतदारांच्या दारात जाऊन मत मागायचे, आणि तेही ज्या हंगामात डेव्हिड मार्शल झाडाखाली सभा घेऊन लोकांना पेटवत होते आणि ली क्वान यू नावाचा तरुण वकील तांजोंग पगारमध्ये पहिली निवडणूक लढत होता. 'मी व्यापाऱ्यांचा' हे सांगून त्या वर्षी मत मिळत नव्हते. त्यांना ते मिळाले, याचा अर्थ तीस वर्षांत म्युनिसिपालिटीत आणि निरनिराळ्या समित्यांवर केलेले काम चेंबरच्या भिंतीबाहेरही कोणाच्या तरी लक्षात होते.

त्याच विधानसभेत त्यांचे पुतणे जे. एम. जुमाभॉयही होते. ते पुढे लिम यू हॉक यांच्या मंत्रिमंडळात वाणिज्य आणि उद्योग खात्याचे मंत्री झाले. म्हणजे दुकान-नोकरांचा कायदा झाला तेव्हा दुकानदारांच्या जुन्या पुढाऱ्याचा पुतण्या सरकारात होता. दोघांचे घरी जेवताना काय बोलणे होत असेल, अशी उत्सुकता वाटते खरी. १९५९ मध्ये पीपल्स ॲक्शन पार्टीने ५१ पैकी ४३ जागा जिंकल्या आणि व्यापारी पुढाऱ्यांचा तो जमानाच आटोपला. यानंतर राज्यकर्त्यांना दुकानदारांचे मत हवे असे, पण दुकानदार सत्तेत नको होता. १९६८ च्या एम्प्लॉयमेंट ॲक्टने १९५७ चा दुकान-नोकरांचा कायदाही पोटात घेतला. १९७३ मध्ये महागाईच्या तडाख्यात कामगार संघटनेनेच टोआ पायोह येथे आपले सहकारी सुपरमार्केट उघडले. आज जिथे आपण तांदूळ-दूध आणतो त्या फेअरप्राइसचे ते मूळ. मुंबईतल्या नायगावात १९४८ ला सुरू झालेल्या 'अपना बाजार'ची आठवण व्हावी असाच प्रकार. गिऱ्हाइकानेच दुकान काढल्यावर दुकानदारांच्या संघटनेला नवे काम शोधणे भागच होते.

राजकारण सुटल्यावर जुमाभॉय कुटुंब धंद्यात वाढत गेले. स्कॉट्स रोडवर त्यांचे स्कॉट्स शॉपिंग सेंटर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस उघडले. त्याच्या तळघरातल्या थंडगार फूड कोर्टची त्या वेळी शहरभर चर्चा होती. फेरीवाल्याचे खाणे वातानुकूलित हॉलमध्ये, हीच नवलाई. १९८४ मध्ये शेजारी ॲस्कॉट ही सर्व्हिस्ड अपार्टमेंटची इमारत उभी राहिली. ती कल्पना आज जगभर पसरली आहे आणि आपल्यापैकी कितीतरी कंपनीवाल्यांनी सिंगापुरात पहिला महिना अशाच जागेत काढला आहे. हाय स्ट्रीटच्या दोन गाळ्यांपासून मॉलपर्यंतची सिंगापूरच्या किरकोळ व्यापाराची सगळी वाट एका घराण्याच्या इतिहासात दिसते.

शेवट मात्र कडू झाला. कुटुंबाच्या मालमत्तेवरून वाद झाला आणि तो कोर्टात गेला. १९९७ आणि १९९८ च्या सिंगापूर लॉ रिपोर्टांत तो खटला आहे, आणि त्याच्या शीर्षकात एका बाजूला रजबअली जुमाभॉय, दुसऱ्या बाजूला त्यांचा मुलगा अमीरअली. कोण बरोबर, कोण चूक या खोलात मी जाणार नाही, तो माझा अधिकार नाही. व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्याचे निम्मे काम भागीदारांची भांडणे कोर्टाच्या पायरीआधी मिटवणे हेच असते, एवढे मात्र मनात येते. १९९८ च्या नोव्हेंबरात ते वारले. वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली होती.

'मल्टिरेशियल सिंगापूर' नावाचे पुस्तक त्यांनी १९७० मध्येच लिहिले होते. नॅशनल आर्काइव्ह्जने जुन्या लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आहेत, त्यांतही त्यांची दीर्घ मुलाखत आहे. व्यापारी सहसा वही सोडून दुसरे काही मागे ठेवत नाही, त्या मानाने हे पुष्कळच झाले. स्कॉट्स शॉपिंग सेंटर पाडले गेले असून त्या जागी आज स्कॉट्स स्क्वेअर उभा आहे. चेंबर चालू आहे. लिटल इंडियातल्या दुकानदारांची स्वतंत्र संघटना आहे, आणि दिवाळीच्या आधी सेरंगून रोडवर जी रोषणाई आपण मुलांना खांद्यावर घेऊन बघतो तिच्यामागे तीच असते. त्या रस्त्यावर पोह्यांची पिशवी मिळते, पण जाडे की पातळ हे विचारले तर दुकानदार अजूनही गोंधळतो.

पत्राच्या मसुद्यात 'सिंगापुरातील सर्व मराठी भाषिकांच्या वतीने' असे आधी लिहिले होते. ते खोडून 'मंडळाच्या सभासद कुटुंबांच्या वतीने' असे केले आहे आणि पुढे कंसात चिटणिसांच्या वहीतला आकडा घातला आहे. आकडा लहान आहे. ज्यांना तो मोठा व्हावा असे वाटते त्यांनी पुढच्या बैठकीला वर्गणी घेऊन यावे. बैठक पुन्हा मरीन परेडलाच आहे.